रिपोर्टवर 'बॉर्डरलाईन' आलंय, म्हणजे नक्की किती घाबरायचं?

खिडकीतली_सीट:

मंडळी, ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट हातात आलाय आणि त्यावर तीन ठिकाणी 'बॉर्डरलाईन' असं छापलंय. वय ४४, पुणे, काम खुर्चीतलं. एकूण कोलेस्टेरॉल २१२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८, एचडीएल (चांगलं) ३६, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) १९०. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९. बीपी १३४/८६. टीएमटी (पट्ट्यावर पळवून काढतात तो ईसीजी) मात्र निगेटिव्ह, तिथला टेक्निशियन म्हणाला एकदम फिट आहात सर. वडिलांना ५१ व्या वर्षी अटॅक आला होता, अँजिओप्लास्टी झाली, आता ठणठणीत आहेत, रोज देवळापर्यंत जाऊन येतात. सिगारेट चहाबरोबर एखादी, म्हणजे मी स्वतःला स्मोकर समजत नाही.

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले तीन महिने चाला, तळलेलं बंद करा आणि मग बघू. बायकोच्या मावसभावाने (तोही डॉक्टर) रिपोर्ट व्हॉट्सॲपवर बघून थेट स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू करायला सांगितलं. आता खरं कोणाचं मानायचं? सगळे आकडे काठावरचेच आहेत, एकही धड लाल नाही. तर धोका मोजायचा कसा हे कोणी नीट सांगेल का, की हे लॅबवाले उगाच घाबरवतात?

मिसळभक्त:

लॅबवाले घाबरवतात हो. पूर्वी २४० पर्यंत नॉर्मल धरायचे, आता खाली खाली आणत चाललेत, गोळ्या खपायला नकोत का? आमचे आजोबा रोज वाटीभर तूप खायचे, ९२ वर्षं जगले.

रानजाई:

@मिसळभक्त, प्रत्येक हार्टच्या धाग्यावर एक तूपवाले आजोबा येतातच :) त्याच आजोबांचे जे भाऊ पन्नाशीत 'अचानक' गेले त्यांची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. आणि तुमचे आजोबा वाटीभर तूप खाऊन लॅपटॉपसमोर बसत नव्हते, शेतात औत हाकत होते.

तात्या_पेणकर:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (बिनमिठाचे. डॉक्टरांनी सांगितलंय.)

शिरीष_पुष्प:

टीएमटी निगेटिव्ह आलीय ना, मग कशाला एवढं? आमच्या सोसायटीत सगळे तीच करून घेतात आणि वर्षभर निर्धास्त.

तालुका_डॉक्टर:

मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, एमडी मेडिसिन, मराठवाड्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. पण टीएमटीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही कारण दर महिन्याला कोणीतरी ही निगेटिव्ह पट्टी मला सर्टिफिकेट असल्यासारखी दाखवतं.

टीएमटी काय बघते? तुम्ही पट्ट्यावर पळताना हृदयाला रक्त कमी पडतंय का. ते कमी पडायला रक्तवाहिनी चांगलीच अरुंद व्हावी लागते, साधारण ७० टक्क्यांच्या आसपास. पण बरेचसे अटॅक त्याहून लहान गाठींमधून येतात. लोकांच्या डोक्यात नळाला गंज चढून नळ हळूहळू बंद होतो असं चित्र असतं, ते अर्धंच खरं आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साठतं, त्यावर पातळ आवरण असतं, ते आवरण एक दिवस फाटतं आणि त्यावर काही मिनिटांत रक्ताची गुठळी धरते. काल जी वाहिनी ४० टक्के बंद होती ती आज शंभर टक्के. म्हणून काल टीएमटी नॉर्मल आणि आज अटॅक, यात मशीनचा दोष नाही, आपण तिला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो.

आता धागालेखकाचं. तुम्ही म्हणता एकही आकडा लाल नाही. पण माझ्यासमोर हा कागद आला तर मी आकडे वेगवेगळे वाचतच नाही. वडिलांना ५५ च्या आत अटॅक, एचडीएल ४० च्या खाली, ट्रायग्लिसराईड १५० च्या वर, साखर डायबेटिसच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हाच तो पट्टा), बीपी वाढायला लागलेलं, आणि तंबाखू. कंबर लिहिली नाहीत, मोजा. सहा बॉर्डरलाईन एकाच माणसात आले की तो माणूस बॉर्डरलाईन राहत नाही.

खिडकीतली_सीट:

कंबर ३६. बरी आहे ना?

तालुका_डॉक्टर:

तो पॅन्टचा नंबर झाला. पॅन्ट पोटाखाली नेसतात. टेप घ्या, बेंबीच्या लेव्हलला, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्याच्या वर गेलं की पोटातली चरबी धरायची.

खिडकीतली_सीट:

९९.
टेप जुनी आहे.

तात्या_पेणकर:

=)) =)) टेपच बॉर्डरलाईन आहे

लेस्टरकर:

इकडे इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी हेल्थ चेकला बोलावतात आणि क्यूरिस्क नावाचं गणित करतात. वय, बीपी, सिगारेट, एकूण कोलेस्टेरॉल भागिले एचडीएल, घरातला इतिहास, वंश, एवढंच काय तुमचा पोस्टकोड पण, कारण गरीब वस्तीत धोका जास्त. मग एक टक्का येतो, की पुढच्या दहा वर्षांत अटॅक किंवा स्ट्रोकची शक्यता किती. १० टक्क्यांच्या वर गेला की जीपी (इकडचा फॅमिली डॉक्टर) स्टॅटिनची गोष्ट काढतो. गंमत म्हणजे वंशाच्या रकान्यात 'इंडियन' निवडलं की बाकी सगळं तेच ठेवूनही टक्का वाढतो. माझ्या गोऱ्या सहकाऱ्याचे आणि माझे आकडे जवळजवळ सारखे होते, त्याला म्हणाले छान, मला म्हणाले बसा जरा.

ऑनलाईन फुकट आहे, टाकून बघा. पण ते तिकडच्या लोकसंख्येवर बेतलंय हे लक्षात ठेवून.

खोडरबर:

@लेस्टरकर, असली गणितं मुळात जिथून सुरू झाली त्याची गोष्ट भारी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रेमिंगहॅम नावाचं गाव, तिथल्या ५२०९ लोकांना १९४८ पासून दर दोन वर्षांनी तपासत राहिले. त्याआधी बीपी वयानुसार वाढणारच असं डॉक्टरच म्हणायचे. तिथून कळलं की बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे सगळं आधीपासून मोजता येतं आणि पुढचा अंदाज बांधता येतो. पुढे त्याच लोकांच्या मुलांना आणि नातवंडांनाही घेतलं, अभ्यास अजून चालू आहे.

पण तिथे सुरुवातीला जवळपास सगळे गोरे लोक. आपल्यासाठी कामाचा अभ्यास म्हणजे इंटरहार्ट, २००४ चा, ५२ देशांतला. त्यात नऊ गोष्टींनी पहिल्या अटॅकचा ९० टक्क्यांच्या आसपास धोका समजावता आला: कोलेस्टेरॉलचा बिघाड, तंबाखू, बीपी, डायबेटिस, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाजी-फळं न खाणं, व्यायाम नसणं, आणि दारू पिण्याचं प्रमाण. आणि दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक बाकीच्यांपेक्षा पाचसहा वर्षं आधी, सरासरी ५३ ला. का, तर आपल्यात हेच घटक लहान वयात गोळा होतात. वेगळं काही गूढ नाही.

मिसळभक्त:

ताण! हाच खरा. बाकी सगळं थोतांड. आयटीतली नोकरी सोडा, कोलेस्टेरॉल आपोआप खाली.

सदाफुली:

नोकरी सोडली तर ईएमआयचा ताण कोण घेणार, तुम्ही? :)

मला एक वेगळं लिहायचंय. या धाग्यावर सगळे बाप्येच बोलताहेत. माझ्या मावशीचं सांगते, सांगली जिल्ह्यातली. वय ५८, जाड नाही, शाकाहारी, उपासतापास सगळं. डायबेटिस होता पण 'थोडासा'. एक दिवस पहाटे जबडा दुखतोय म्हणाली, पाठीत भरून आलंय, मळमळ, घाम. छातीत दुखतंय असं एकदाही म्हणाली नाही. घरच्यांनी पित्त म्हणून इनो दिलं, मग ओवा-सैंधव, मग काकांनी पाठीला बाम चोळला. दुपारी उलटी झाल्यावर दवाखान्यात नेलं. तिथे पहिला ईसीजी नीट आला म्हणून परत पाठवत होते, तिच्या मुलीने भांडून ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) करायला लावलं आणि ते भरपूर वाढलेलं निघालं. वाचली, पण हृदयाचं पंपिंग कमी झालंय, आता जिना चढताना मध्ये थांबते.

आणि नंतर डॉक्टरांनी तंबाखू विचारल्यावर सगळे नाही नाही म्हणाले. कारण मिश्रीला आमच्याकडे कोणी तंबाखू धरतच नाही! लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते ती. डबी उशीखालीच असते. शेवटी नर्सने तिचे दात बघून विचारलं.

रानजाई:

सदाफुली, अगदी. आमच्या कामवाल्या ताईंचं पण तेच, "मी कसलं व्यसन करत नाही, नुसती मिश्री".
बायकांच्या बाबतीत अजून एक, गरोदरपणात बीपी वाढलं असेल किंवा तेव्हाचा डायबेटिस झाला असेल तर पुढे आयुष्यभर हार्टचा धोका जास्त राहतो. बाळंतपण झालं, बीपी उतरलं, फाईल माळ्यावर. कोणी परत विचारत नाही. मी स्वतः गायनॅकची जुनी फाईल घेऊन फिजिशियनकडे गेले तेव्हा त्यांनी वर्षातून एकदा साखर आणि बीपी बघायला सांगितलं.

तालुका_डॉक्टर:

सदाफुलीताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. डायबेटिसवाल्यांना छातीत दुखणं कमी जाणवू शकतं, बायकांमध्ये जबडा, पाठ, दम, मळमळ जास्त दिसतं. पहिला ईसीजी नॉर्मल असू शकतो, तो थोड्या थोड्या वेळाने परत काढायचा असतो. घाम फुटून अस्वस्थ वाटतंय आणि नेहमीच्या पित्तासारखं नाही, तर इनो पिऊन वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

बंड्या_नाशिककर:

ग्रुपवर आलेलं टाकतोय, खूप जणांना फायदा झालाय म्हणे: आल्याचा रस, लसणीचा रस, लिंबू आणि ॲपल सायडर व्हिनेगर समप्रमाणात उकळून मध घालायचा, रोज सकाळी तीन चमचे, ब्लॉकेज आपोआप उघडतात, बायपास टळते.

तात्या_पेणकर:

आमच्या सासऱ्यांनी घेतलं. ब्लॉकेज तिथेच आहे, पण सकाळी त्यांच्या शेजारी पेपर वाचायला कोणी बसेनासं झालं.

मिसळभक्त:

=)) हे मात्र मान्य. तात्या __/\__

शिळीपोळी:

कोणी तेलावर बोलणार का? आमच्याकडे करडई, मग सूर्यफूल, मग राईस ब्रॅन, आता सासूबाई लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणतात आणि म्हणतात हे हार्टला चांगलं, त्यामुळे सढळ हाताने घालतात. माहेर रत्नागिरीचं, तिथे सगळं खोबरेल तेलात.

रानजाई:

शिळीपोळी, आमच्या आहारतज्ज्ञ बाई एकच विचारतात, महिन्याला घरात तेल किती लिटर येतं आणि खाणारी माणसं किती. माणशी अर्धा ते पाऊण लिटर, बस. घाण्याचं असो की पाकिटातलं, दोन्हींत कॅलऱ्या सारख्याच. शेंगदाणा, करडई, मोहरी आलटून पालटून वापरा. खोबरेलात सॅच्युरेटेड फॅट तुपापेक्षाही जास्त असतं, त्याने एलडीएल वाढतं, सोलकढीला विरोध नाही पण रोजची फोडणी त्यात नको. आणि तळून उरलेलं तेल परत परत तापवायचं नाही, ते वडेवाल्याच्या कढईत होतं म्हणून आपण नाक मुरडतो आणि घरी दिवाळीचं तेल महिनाभर पुरवतो.

डालडा-वनस्पतीतला ट्रान्स फॅट सगळ्यात वाईट, त्यावर २०२२ पासून सरकारने २ टक्क्यांची मर्यादा घातलीय, तरी खारी-नानखटाईचं पाकीट वाचून घ्या.

आणि मीठ! दिवसाला एक सपाट चमचा, ५ ग्रॅमच्या आत. त्यात लोणचं, पापड, फरसाण, वरून भुरभुरवलेलं सगळं आलं.

तात्या_पेणकर:

पापड गेला, लोणचं गेलं, खारी गेली. आता ताटात मी आणि वरणभात.

धावरा_सातारा:

उशिरा आलो. मी पळतो, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन केलीय. आमच्या ग्रुपमधला एक जण, पोट नाही, रोज पहाटे घाटात, त्याला ४६ व्या वर्षी अटॅक आला. सगळे म्हणाले पळाल्यामुळे झालं. नंतर कळलं की त्याचं एलडीएल कित्येक वर्षं १९० च्या वर होतं, त्याला माहीत होतं, पण पळतोय म्हणजे जळून जाईल असं त्याने धरलं होतं. एलडीएल तसं जळत नाही हो. व्यायामाने ट्रायग्लिसराईड, साखर, बीपी, पोट या सगळ्याला चांगला फरक पडतो, पण एलडीएल थोडंच हलतं, आणि इतकं जास्त असेल तर ते बरेचदा जनुकातून आलेलं असतं.

व्यायाम सोडू नका मात्र. आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. कुत्र्याला फिरवणं यात धरत नाहीत, तो दर खांबाला थांबतो.

शिरीष_पुष्प:

पण स्टॅटिन एकदा लागलं की जन्माचं, शिवाय त्याने अंग दुखतं, डायबेटिस होतो असं सगळीकडे वाचलंय. माझ्या जावेने पंधरा दिवसांत बंद केलं.

खोडरबर:

अंगदुखीवर एक छान प्रयोग आहे, २०२० मध्ये आला, सॅमसन नावाचा. ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलं होतं अशा ६० लोकांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, कोणती बाटली कसली ते न सांगता. जेवढा त्रास खऱ्या गोळीने झाला त्यातला ९० टक्के खोट्या गोळीनेही झाला. म्हणजे दुखणं खरं होतं, पण बहुतेक वेळा गोळीमुळे नव्हतं.

अवांतर: स्टॅटिन मुळात जपानमध्ये बुरशीत सापडलं. अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये तांदळावरच्या एका बुरशीत ते मिळालं. नैसर्गिकच पाहिजे म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तालुका_डॉक्टर:

+१. स्नायूंचा खरा त्रास काही जणांना होतो, तेव्हा डोस किंवा गोळी बदलतो. डायबेटिसचा धोका थोडा वाढतो हे खरंय, पण तो मुख्यतः जे आधीच उंबरठ्यावर आहेत त्यांच्यात, आणि त्याच लोकांना अटॅक टळण्याचा फायदाही जास्त असतो. माझ्याकडे जे येतात त्यांना मी दोन्ही बाजू सांगतो आणि मग ठरवतो.

उलट लोक स्वतःच्या मनाने इकोस्प्रिन (ॲस्पिरिनची गोळी) घेतात ती मला जास्त खटकते. 'रक्त पातळ राहिलेलं बरं' म्हणून. ज्याला अटॅक, स्टेंट, स्ट्रोक काही झालेलं नाही त्याने सरसकट घ्यायची नसते, २०१८ मध्ये तीन मोठे अभ्यास आले, फायदा किरकोळ आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढलेला. शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्याला राहू द्या.

धागालेखक, दोन गोष्टी सुचवतो. एक, बीपी घरी मोजा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात टेबलावर, पायावर पाय नाही, आधी चहा-सिगारेट नाही, मोजताना गप्पा नाहीत. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्ट्याने बीपी जास्त दाखवतं. घरी सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ते खरं बीपी. दोन, लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) ही टेस्ट आयुष्यात एकदा करा. ते वारशाने येतं, आहार-व्यायामाने हलत नाही, ५० (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या वर असलं की धोका जास्त, आणि भारतीयांत साधारण चारातल्या एकाला ते वाढलेलं असतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शन काढलं त्यात सगळ्यांनी एकदा करावी असं म्हटलंय. त्यातच एलडीएलचं टार्गेट: धोका कमी असेल तर १०० च्या आत, डायबेटिस-बीपीसारखा जास्त धोका असेल तर ७० च्या आत, अटॅक येऊन गेलेल्यांना ५५ च्या आत. लॅबच्या कागदावर सगळ्यांना एकच 'नॉर्मल' छापतात, तिथेच घोळ होतो.

मिसळभक्त:

बाकी सोडा, दिवसाला एका सिगारेटने काय होतंय? वीस ओढणाऱ्यांना विचारा.

खोडरबर:

इथेच सगळे फसतात. एका सिगारेटचा धोका विसाच्या विसाव्या हिश्श्याइतका नसतो. हार्टच्या बाबतीत तो जवळजवळ अर्धा असतो. कॅन्सरचं गणित वेगळं. त्यामुळे कमी करण्यात फार हशील नाही, शून्यच पाहिजे. आणि सोडली की वर्षभरात तो जास्तीचा धोका निम्म्यावर येतो.

रानजाई:

आणि धागालेखक घोरतात का ते पण विचारा. मी वहिनींच्या वतीने विचारतेय.

खिडकीतली_सीट:

सगळ्यांचे आभार, मध्ये काही दिवस गायब होतो. घोरतो, असं बायकोचं म्हणणं आहे, पुरावा म्हणून तिच्याकडे रेकॉर्डिंग आहे.

अपडेट: घरचं बीपी सरासरी १३०/८४. लायपोप्रोटीन-ए ८२ आलं. फॅमिली डॉक्टरांना सगळा कागद परत दाखवला, वडिलांचं वय यावेळी ठळक सांगितलं (पहिल्यांदा त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी पण बोललो नव्हतो). ते म्हणाले हे असेल तर तीन महिने थांबण्यात अर्थ नाही, रोसुव्हास्टॅटिन १० सुरू केली, दोन महिन्यांनी परत टेस्ट, चालणं आणि वजन चालूच. म्हणजे मावसभावाची गोळी आणि डॉक्टरांचं चालणं दोन्ही एकदम. बीपीला अजून गोळी नाही, मीठ आणि वजन बघू म्हणाले. घोरण्यासाठी झोपेची तपासणी लिहून दिलीय.

सिगारेटवर बायकोने हा धागा वाचलाय, त्यामुळे विषय संपला.

एक शंका आहे, धाकटा भाऊ नागपूरला असतो, ३९ वर्षांचा, त्याला सांगितलं तर म्हणतो मला काही होत नाही, मी कशाला टेस्ट करू?

तालुका_डॉक्टर:

वडील तेच आहेत ना? मग त्याने पण करायची. लायपोप्रोटीन-ए वारशाने येतं त्यामुळे सख्ख्या भावंडांनी आणि वडिलांनीही बघून घ्यावं. लिपिडला आता उपाशीपोटीच जायला पाहिजे असंही नाही, ट्रायग्लिसराईड फारच जास्त आले तर परत उपाशी करतात. दुपारी जेवून गेला तरी चालेल.

तात्या_पेणकर:

नागपूरला दुपारी जेवून म्हणजे सावजी का? मग ट्रायग्लिसराईडचा भरवसा नाही.

लेस्टरकर:

त्याला लॅबवाला घरी पाठवा, इथून बुक करून. पैसे भरलेत म्हटल्यावर नागपूरकर नाही म्हणणार नाही.